भाडेकरू भाडंही देईना, खोलीही सोडेना: माझा अनुभव

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मागच्या दोन खोल्या जिनिंगवरच्या एका कामगाराला तोंडी बोलीवर दिल्या होत्या. हंगाम संपला तसं भाडं थांबलं, वीजबिलही थकलं. "देतो ना भाऊ" एवढंच उत्तर.

तंटामुक्ती समितीत बसलो. तिथे दिलेला शब्द त्याने पाळला नाही. वीज तोडा, कुलूप ठोका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते करू नका, उलट तक्रार आपल्यावरच होते. फार जीव जळाला.

उपयोग झाला तो असा. आधी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या कर आकारणीचा उतारा), फोनपेवर आलेल्या भाड्याच्या नोंदी आणि मीटरचा तारखेसह फोटो गोळा केला. मग तालुक्याच्या वकिलांकडून मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस, पोहोचपावतीसह पोस्टाने. त्यात थकबाकीचा आकडा स्पष्ट लिहायचा. पाकीट "घेण्यास नकार" शेऱ्यासह परत आलं, तर ते न फोडता जपून ठेवा.

नोटीस मिळताच तो बोलायला आला. ताबापावती (खोलीचा ताबा परत मिळाल्याचा कागद) केली: मीटरचं शेवटचं रीडिंग, अनामतीतून वळती केलेली रक्कम, दोन साक्षीदारांच्या सह्या. किल्ली आधी घ्यायची, उरलेली अनामत नंतर द्यायची; हा क्रम मोडू नका.

नव्या भाडेकरूच्या वेळी आधीच्या घरमालकाला आणि कामावरच्या मुकादमाला स्वतः फोन केला. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवला, दोघांचं आधार आणि अंगठा लागतो. पोलीस ठाण्यातही माहिती दिली.