उदंड झाल्या समित्या, आता गावातल्या एकत्र कशा करायच्या?

उपसरपंच झालो तेव्हा अंगात जोश होता, म्हणून एका दुपारी ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटातली सगळी प्रोसिडिंग बुकं काढून टेबलावर मांडली. पाणीपुरवठा-स्वच्छता, आरोग्य-पोषण, तंटामुक्ती, रेशनची दक्षता, बाल संरक्षण, जैवविविधता, वनहक्क, संयुक्त वन व्यवस्थापन, पाणलोट, शिवाय शाळेतून मागवलेली शाळा व्यवस्थापनची वही. दहा वह्या झाल्या. त्यातल्या सात वह्यांत एकाच मावशींची सही, आणि तीन मीटिंगा एकाच तारखेला सकाळी 11 वाजता, वेगवेगळ्या ठिकाणी! मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "अरे शिपाई वही घेऊन येतो, मी भाकरी थापत असते, पीठाच्या हातानं सही करते आणि देते." खरंच, दोन पानांवर पीठाचा डाग होता.

तुमच्याही गावात थोडंफार असंच असणार. प्रत्येक योजना आली की सोबत तिची समिती येते, गावात वेळ देणारी माणसं तीच दहा-बारा, मग मीटिंग कागदावर होते आणि कुणी काहीच विचारत नाही. म्हणून समित्या एकत्र करायच्या, पण ते कसं करायचं हे कुठं नीट लिहिलेलं सापडत नाही, आणि नुसत्या उत्साहानं "सगळ्या समित्या बरखास्त, एकच समिती" असा ठराव केलात तर तो वरून परत येतो. आमचा आला होता. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

आधी यादी करा. ड्रॉइंग शीट घ्या मोठा, त्यावर आडव्या ओळीत समितीचं नाव आणि उभ्या रकान्यात एवढं लिहा: ही कुठल्या कायद्यानं किंवा कुठल्या जीआरनं (शासन निर्णयानं) झाली, सचिव कोण, राखीव जागा कुणासाठी, बँकेत खातं आहे का आणि शिल्लक किती, रिपोर्ट कुठल्या विभागाला जातो, आणि शेवटची मीटिंग कधी झाली. शेवटची म्हणजे खरीखुरी बरं का, ज्यात दोन माणसं तरी भांडली होती ती. हा रकाना भरताना ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदंच एकत्र केली ना सरकारनं) तुमच्याकडे जरा रागानं बघतील, बघू द्या, पण त्यांना बाजूला ठेवून हे काम होत नाही, चहा पाजा.

यादी झाली की खरी गोष्ट कळते ती ही, की समिती कुणाच्या जोरावर उभी आहे. काही समित्या थेट कायद्यातून येतात. शाळा व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 ची, जैवविविधता व्यवस्थापन समिती 2002 च्या कायद्याच्या कलम 41 ची, वनहक्क समिती 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांतली. यांना ग्रामसभा हात लावू शकत नाही, म्हणजे माणसं ज्या त्या नियमानं बदलता येतात पण समितीच नको असं म्हणता येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या समित्या जीआरनं किंवा योजनेच्या मार्गदर्शक सूचनेनं आलेल्या, तंटामुक्ती त्यातली, 15 ऑगस्ट 2007 ला मोहीम सुरू झाली तेव्हाची. तिसऱ्या प्रकारच्या एखाद्या प्रकल्पापुरत्या, पाणलोटाचं काम संपून वर्षं झाली तरी समिती कागदावर जिवंत. आणि चौथ्या प्रकारच्या गावानंच केलेल्या, त्यात यात्रा कमिटी येते. यात्रा कमिटीला हात लावू नका. गावातली ती एकमेव समिती आहे जी वेळेवर हिशोब फळ्यावर लिहिते.

आता एकत्र करणं म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक इथंच गोंधळतात. एक, प्रकल्प संपलेली समिती रीतसर बंद करणं. दोन, दोन समित्यांची खरोखर एक समिती करणं. तीन, समित्या कागदावर वेगळ्याच ठेवून माणसं, दिवस आणि जागा एक करणं. माझं मत विचाराल तर गावाला नव्वद टक्के फायदा या तिसऱ्यातच मिळतो, आणि त्याला वरची परवानगी लागत नाही.

दुसरं, म्हणजे खरंखुरं विलीनीकरण, जिथं सरकारनंच दार उघडं ठेवलंय तिथं करा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती हे एवढं लांब नाव कशामुळे आलंय, दोन समित्या जोडल्यामुळेच आलंय. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या सूचनांत म्हटलंय की मुलांच्या संरक्षणाचं काम पंचायतीच्या महिला-बालकल्याण किंवा सामाजिक न्याय बघणाऱ्या आहे त्याच समितीकडे देता येईल. शाळेचं तर सोपंच झालं, एप्रिल 2025 मध्ये शालेय शिक्षण विभागानं निर्णय काढून माता-पालक संघ, पोषण आहार, बांधकाम, परिवहन, तंबाखू वगैरे ढीगभर समित्या गुंडाळून चारवर आणल्या: शाळा व्यवस्थापन, विद्यार्थी सुरक्षा व सुविधा विकास, सखी सावित्री आणि महिला तक्रार निवारण / अंतर्गत तक्रार समिती. तुमच्या मुख्याध्यापकांकडे अजून जुन्या वह्या चालू असतील तर हा जीआर प्रिंट काढून नेऊन द्या, ते तुम्हाला दुवा देतील. त्या निर्णयात एक शहाणपण आहे ते बघा, पोषण आहार आणि बांधकाम पोटात घेतलं पण तक्रारीची समिती वेगळी ठेवली.

तोच नियम गावाला लावा. खर्च करणारे आणि खर्च तपासणारे एका पाटावर बसवू नका. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात सामाजिक अंकेक्षण (म्हणजे लोकांसमोर कामाची-खर्चाची तपासणी) कलम 17 नं ग्रामसभेकडे दिलं होतं, ते याचसाठी. रेशन दुकानावरची दक्षता समिती अन्नसुरक्षा कायदा 2013 च्या कलम 29 ची, तिचं काम दुकानदारावर नजर ठेवणं, तिला पाणी-आरोग्याच्या समितीत मिसळलं तर महिन्याच्या मीटिंगमध्ये पाइपलाइनवरच दोन तास जातात आणि धान्याचा विषय "पुढच्या वेळी". आमच्या पहिल्या ठरावात आम्ही हेच केलं होतं आणि तो परत आला ते एका अर्थी बरंच झालं.

वनहक्क समितीचं अजून नाजूक. तिच्यासमोर लोकांचे दावे येतात. समितीतल्या सदस्याचा स्वतःचा दावा असेल तर त्यानं तसं सांगून त्या पडताळणीतून बाजूला व्हायचं असा नियमच आहे. ही समिती दुसऱ्या कशात मिसळलीत की कोण कशासाठी बसलाय हे कळेनासं होतं. आणि तुमचं गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा) असेल, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा जाहीर झालेली असेल, तर पाड्याच्या समित्या ग्रामपंचायतीनं ओढून घ्यायच्या नाहीत, तो घास पंचायतीचा नाहीच. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा, तिथं निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीनं घेते आणि अभ्यासगट फक्त बसून विषय समजून घेतो, ठरवत काही नाही. मला ही कल्पना फार आवडते. ज्या समितीला अधिकार नाहीत, पैसा नाही, पण चार माणसांना त्या विषयाची आवड आहे, तिचा अभ्यासगट करा. वही नको, कोरम नको, पारावर बसा.

राखीव जागांचं गणित मात्र वहीत मांडूनच करा, कारण एकत्र करताना सगळ्यात आधी गळतात त्या बायका आणि वस्तीवरची माणसं. शाळा व्यवस्थापनात तीन चतुर्थांश पालक आणि एकूणात निम्म्या महिला, पाणी समितीत निम्म्या महिला, वनहक्क समितीत 10 ते 15 जण, आदिवासी गावात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. जिथं दोन समित्यांत तीच माणसं बसवायचीत तिथं जो नियम कडक तो दोघींना लावा, म्हणजे भानगड नाही. आणि जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. जैवविविधता समिती म्हणजे अध्यक्ष अधिक सहा असंच सगळे सांगतात, पण 2023 च्या दुरुस्तीनं ती 7 ते 11 जणांची झाली. तशीही ही समिती बहुतेक गावांत हरित लवादाच्या मुदतीच्या धाकानं 2019-20 मध्ये घाईघाईत झालेली, सदस्यांनाच माहीत नाही आपण सदस्य आहोत. आमच्या एका सदस्याला मी सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "मानधन आहे का?"

आता माणसं. कागद सोपा असतो. तंटामुक्तीचं अध्यक्षपद म्हणजे गावात मानाचं पान, त्या पदावरून तंटे झालेली गावं तुम्हालाही माहीत असतील. अशा अध्यक्षाला ग्रामसभेत अचानक "तुमची समिती आता दुसऱ्या समितीसोबत बसणार" म्हणायचं नसतं. आधी घरी जायचं, बसायचं, आणि विचारायचं, अण्णा, गेल्या वर्षी किती तंटे आले? दोन. मग त्या दोनसाठी बारा मीटिंगा कशाला, तंटा आला की बोलवू, अध्यक्ष तुम्हीच, नाव तुमचंच. पद कुणाचंच काढायचं नाही, मुदत संपेपर्यंत थांबायचं. थोडा वेळ जातो पण ग्रामसभेत माइक ओढाओढी होत नाही.

ग्रामसभा 15 ऑगस्टला नको. झेंडा, पोरांची भाषणं, जिलेबी, आणि मग तासाभरात बत्तीस विषय, त्यात तुमचा ठराव "मंजूर मंजूर" होऊन जातो आणि चार महिन्यांनी कुणीतरी म्हणतं आम्हाला माहीतच नव्हतं. वेगळी सभा लावा, आधी महिला ग्रामसभा घ्या आणि तिथं ठराव वाचून दाखवा, दवंडी द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका पण नुसतं टाकून थांबू नका. गणपूर्ती (कोरम) मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, कमी असेल ते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हे सगळ्यांना माहिती असतं आणि अडचणीचे ठराव तिथंच उरकले जातात, हा ठराव मात्र तिथं करू नका, भरल्या सभेत करा.

ठरावात नेमकं लिहा. "सर्व समित्या एकत्र करण्यात याव्यात" असल्या वाक्याला काही अर्थ नाही. आमचा दुसऱ्या वेळचा साधारण असा होता: "पाणलोट समितीचे काम पूर्ण झाल्याने तिचे खाते बंद करून शिल्लक रक्कम व दप्तर संबंधित विभागाच्या लेखी सूचनेनुसार वर्ग करावे. बाल संरक्षणाचे विषय महिला-बालकल्याण समितीकडे देण्यात यावेत. आरोग्य-पाणीपुरवठा समिती व महिला-बालकल्याण समिती यांच्या सभा दरमहा एकाच दिवशी, लागोपाठ घ्याव्यात, इतिवृत्त स्वतंत्र लिहावे. दक्षता समितीची सभा वेगळ्या दिवशी घ्यावी. सहा महिन्यांनी आढावा ग्रामसभेत ठेवावा." सूचक, अनुमोदक, झालं. प्रत पंचायत समितीला, आणि ज्या ज्या विभागाची समिती त्याला एकेक. पोच घ्या शिक्क्यासकट.

खात्याचं काम ठरावाच्या आधी सुरू करा, नंतर नाही. आमच्या पाणलोटाच्या खात्यावरची एक सही वारलेल्या माणसाची होती. दुसरा सहीवाला पुण्याला. केवायसी संपलेली. शिल्लक चार आकडी, ती काढायला चार महिने आणि माझे सात हेलपाटे, बँकेत दर वेळी नवीन साहेब आणि दर वेळी "मृत्यू दाखल्याची झेरॉक्स आणा". त्यामुळे ज्या दिवशी यादी कराल त्याच दिवशी पासबुकं भरून आणा. आणि आरोग्य समितीला वर्षाला जो अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी येतो तो त्या समितीचाच, मीटिंग एकत्र झाली म्हणून त्यातून शाळेचा पंखा घ्यायचा नाही, पंखा कितीही गरजेचा असो. प्रत्येक निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र वेगळं जातं, तिथं अडकलात तर पुढचा हप्ता अडकतो.

मीटिंगची वेळ ठरवताना बायकांना विचारा. आमच्याकडे सकाळी 11 ची दुपारी 3 झाली, बाजाराचा वार सोडून, अंगणवाडीत, कारण ग्रामपंचायतीत पुरुषांची खुर्च्यांवर गर्दी असते आणि बायका दारात उभ्या. एवढ्या एका बदलानं जे झालं ते सगळ्या ठरावांनी झालं नसतं. त्याच सातवाल्या मावशी आता दोनच समित्यांत आहेत. दुसऱ्याच मीटिंगला त्यांनी जलसुरक्षकाला (गावच्या पाण्याची शुद्धता बघणारा माणूस) विचारलं, टीसीएलचं (ब्लिचिंग पावडरचं) पोतं गेल्या महिन्यात आलं म्हणता, मग आमच्या आळीच्या नळाला वास का येत नाही, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ती तपासणी) कधी केली? जलसुरक्षक ग्रामसेवकांकडे बघतो, ग्रामसेवक माझ्याकडे, मी वहीकडे. त्या दिवशी पहिल्यांदा इतिवृत्त दीड पान झालं.

हो, एक राहिलं. जुन्या वह्या रद्दीत घालू नका. माहिती अधिकारात कुणीतरी मागतंच, ऑडिटला लागतात. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर "या समितीचे कामकाज अमुक तारखेच्या ग्रामसभा ठरावाने अमुक समितीकडे वर्ग" असं लिहून सरपंच आणि सचिवाची सही घ्या, लाल कापडात बांधा, वर यादी चिकटवा. आमचं गाठोडं कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे, डांबराच्या गोळ्या टाकून.