लेखकांच्या कट्ट्यावर या चुका टाळा

हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशी गावोगावची साहित्य संमेलनं जवळ आली की आमच्या बेळगावच्या कट्ट्यावर गर्दी वाढते. नवी मंडळी कविता ‘दाखवायला’ आणतात, पण ऐकायचं असतं फक्त ‘वा!’ दाद हवी तर ती मंडपात मिळतेच की. कट्ट्यावर यायचं ते कुठं फसलंय हे कळायला.

वाचण्याआधी प्रस्तावना नको. कविता बारा ओळींची आणि पार्श्वभूमी अर्धा तास! छापून आल्यावर प्रत्येक वाचकाच्या घरी समजावून सांगायला जाणार आहात काय?

माझं डोकं खरं फिरतं ते दुसऱ्याचं लिखाण परस्पर ‘शुद्ध’ करणाऱ्यांवर. खानापूरकडच्या एका पोरानं भातलावणीवर कथा आणली होती. त्यातली आई म्हणते, ‘मी घरला जाऊन येतो, तंवर तरू काढून ठेव.’ (तरू म्हणजे लावणीची भाताची रोपं.) आपल्याकडच्या बायका ‘येतो-जातो’च म्हणतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण एका निवृत्त गुरुजींनी लाल पेन काढलं आणि ‘येतो’चं ‘येते’, ‘घरला’चं ‘घरी’ करत शेवटच्या पानापर्यंत गेले. पोरगं भिडस्त. तसंच उतरवून दिवाळी अंकाला पाठवलं. आता आई गुडघाभर चिखलात आणि बोलणं सदाशिव पेठेतलं! कथेतला खरा घोटाळा मात्र तसाच राहिला. पहिली तीन पानं नुसता पाऊस, मायलेकाचं भांडण सुरू होतं चौथ्या पानावर. लाल पेनाला ते दिसलंच नाही.

मी पेन्सिल वापरतो. अडखळलो तिथं फुली, लक्ष उडालं तिथं प्रश्नचिन्ह, बस्स. वाक्य सुचवत नाही. दुसऱ्याच्या ओळी लिहायची एवढी हौस असेल तर माणसानं स्वतःची कथा आणावी.

कथा असेल तर झेरॉक्स आणा. नुसतं ऐकून चार शब्द धड बोलता येत नाहीत. चर्चा चालू असताना लेखकानं वकिली करू नये. लिहून घ्यावं, भांडायचं ते घरी जाऊन. व्हॉट्सॲपवर कविता टाकून ‘अभिप्राय द्या’ म्हणणाऱ्यांना अंगठे मिळतात, तेवढ्यावरच समाधान मानावं.

आणि स्वतःचं वाचून झालं की ‘बस चुकेल’ म्हणून उठणारे! त्यांचा नंबर मी शेवटी लावतो. निपाणीची बस खरंच लवकर असेल तर आल्या आल्या सांगावं.