खेळकर, हाताने काढल्यासारखा फॉन्ट वापरताना या चुका टाळा

हाताने रेखाटल्यासारखा दिसणारा सॅन्स सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा नसलेला, फॉन्ट फार मेहनतीने घडवलेला असतो. त्यातला एखादा दांडा किंचित कललेला, एखादी वाटी, म्हणजे अक्षराचा गोल भाग, थोडी फुगलेली असते आणि हा वेडेवाकडेपणा किती असावा, हे रचनाकाराने प्रत्येक अक्षरागणिक तोलून ठरवलेले असते. त्यात स्वतःची भर घालण्याच्या हौसेतूनच बहुतेक चुका होतात.

सर्वांत जास्त नुकसान करते ते देवनागरीत लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, वाढवणे. रोमन मथळ्यात अक्षरे जरा दूर सारली तर ती मोकळी दिसतात. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा घेऊन येते आणि शेजारच्या रेषेला चिकटल्यावरच ती अखंड दिसते, त्यामुळे अंतर वाढले की तिचे तुकडे पडतात. मुलांच्या एका पुस्तकाचे मुखपृष्ठ छपाईपूर्वी माझ्याकडे तपासायला आले होते. शीर्षकाने पानाची रुंदी भरावी म्हणून अक्षरे फाकवली होती आणि तुटलेली शिरोरेषा झाकायला वरून एक सरळ पट्टी ओढली होती. मूळ रेषा जाड-बारीक होत लहरत जाणारी, पट्टी मात्र फूटपट्टीने मारलेली, त्यामुळे मोठ्या प्रूफवर प्रत्येक मात्रेच्या बुडाशी पायरी दिसत होती. पट्टी काढली, स्पेसिंग शून्यावर आणले, शीर्षक दोन ओळींत तोडून आकार वाढवला, तेव्हा पान नीट भरले. जागा भरायची ती आकाराने किंवा ओळी तोडून, हा माझा नेम आहे. घाईने स्लायडर ओढणाऱ्या नवशिक्यांनी तो लवकर अंगी बाणवावा.

फॉन्टमध्ये बोल्ड वजन नसेल तर बोल्डचे बटण दाबू नये, कारण सॉफ्टवेअर नुसती कडा जाड करते आणि ‘भ’, ‘म’ यांच्या गाठी बुजतात.

फॉन्ट निवडण्याआधी मी ‘वाऱ्यावर, राष्ट्र, ज्ञान, शृंगार, बाळ’ हे शब्द टाइप करून पाहतो. जे अक्षर फॉन्टमध्ये नसते, त्याच्या जागी सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टचे अक्षर बसवते, आणि नमुन्याच्या चित्रावर भाळून फॉन्ट घेणाऱ्यांना ते छपाईनंतर कळते.

‘बाबा’ या शब्दातले दोन्ही ‘ब’ तंतोतंत सारखे असतील तर हाताचा भास तिथेच संपतो. काही फॉन्टमध्ये पर्यायी अक्षरे दिलेली असतात. ती सॉफ्टवेअरमधल्या ओपनटाइपच्या (फॉन्टमध्येच भरलेल्या जादा सोयींच्या) पर्यायांतून चालू करावीत, आणि मथळ्यात तर स्वतः निवडून बसवावीत.

लांबलचक मजकुरासाठी हा फॉन्ट वापरू नये. व्हिन्सेंट कॉनरे यांनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी कॉमिक सॅन्स केला तो कार्टूनमधल्या कुत्र्याच्या संवादफुग्यात टाइम्स न्यू रोमन शोभेना म्हणून. चार शब्दांच्या फुग्यासाठी जन्मलेले अक्षर लोकांनी सूचनाफलकांवर आणि अर्जांवर पसरले आणि दोष मात्र फॉन्टच्या माथी मारला. मथळा, चित्राशेजारची ओळ, खेळाच्या डब्यावरचे नाव एवढ्यापुरता तो ठेवावा आणि खालचा मजकूर शांत वळणाच्या फॉन्टमध्ये लावावा.

फुकट उतरवलेल्या फॉन्टसोबतची परवान्याची फाइल मात्र काम हाती घेण्याआधीच वाचावी, कारण अशा कित्येक फॉन्टना केवळ वैयक्तिक वापराची मुभा असते.