गॅस वेल्डिंगची ज्योत कशी सेट करायची आणि कुठली कशाला वापरायची

कुर्ल्याच्या एखाद्या गॅरेजात पत्रा जोडायला गेलात तर कारागीर आधी मिनिटभर नुसता नॉब फिरवत बसलेला दिसतो, आपल्याला वाटतं टाइमपास करतोय, पण अर्धं काम तिथंच होतं. ज्योत चुकली की रॉड कितीही भारी घ्या, जोड कच्चाच.

पहिलं सिलेंडर बघा. काळा ऑक्सिजनचा, मरून ॲसिटिलीनचा, म्हणजे सगळे ज्याला डीए (डिझॉल्व्ड ॲसिटिलीन) म्हणतात तो. डीए कायम उभाच, आडवा केला की आतलं ॲसिटोन बाहेर येतं. त्याचे आटे उलटे असतात, बसत नाही म्हणून पान्याने जबरदस्ती नको. डीएचं प्रेशर 1 किलोच्या वर न्यायचं नाही, पुढे तो गॅस आपणहून फुटू शकतो. ऑक्सिजनच्या आट्यांना तेल, ग्रीस अजिबात नाही. साबणाचं पाणी लावून लीकेज बघा आणि काळा गॉगल चढवा.

आता टॉर्चवर, म्हणजे हातात धरायच्या ज्योतीच्या नळीवर, फक्त डीए थोडा उघडून चकमकीच्या लायटरने पेटवा, काडी नको, बोटं भाजतात. पिवळी ज्योत येईल आणि काजळी उडेल (चाळीच्या गच्चीवर करत असाल तर आधी शेजारच्या काकूंचे कपडे दोरीवरून काढायला सांगा). धूर थांबेपर्यंत डीए वाढवा, मग हळूहळू ऑक्सिजन सोडा.

नोझलपाशी पांढरा शंकू, त्यापुढे पक्ष्याच्या पिसासारखा पांढुरका भाग (यालाच पीस म्हणतात) आणि बाहेर निळा भाग असं दिसलं की ती कार्बुरायझिंग, डीए जास्त असलेली. हिचा जादा कार्बन लोखंडात शिरतो, म्हणून साध्या पत्र्याला ही नको, जोड ठिसूळ होतो. हार्डफेसिंगला, म्हणजे झिजणाऱ्या भागावर कडक धातूचा थर चढवायला, मात्र चालते, ॲल्युमिनियमला अगदी किंचित पीस ठेवून.

ऑक्सिजन अजून सोडत राहा, पीस आखडत आखडत शंकूत शिरतं, ते दिसेनासं झालं की हात थांबवा. ही न्यूट्रल. दोन्ही गॅस साधारण सारखे, शंकूच्या टोकापुढे 3200 अंशांच्या आसपास. माइल्ड स्टील, स्टेनलेस, बीड (कास्ट आयर्न), तांबं, बहुतेक सगळं हिच्यावरच होतं. शंकूचं टोक जॉबपासून, म्हणजे जोडायच्या तुकड्यापासून, 2-3 मिमी लांब ठेवा, टेकवू नका.

त्याहून ऑक्सिजन वाढवला की शंकू आखूड, टोकदार होतो आणि ज्योत फिस्स करायला लागते, ही ऑक्सिडायझिंग, इथे डोळ्यापेक्षा कान जास्त कामाला येतो. लोखंडावर हिने ठिणग्या उडतात आणि धातू जळतो. पण पितळेला हीच लागते. पितळेतलं जस्त 907 अंशांनाच उकळतं, म्हणजे पितळ वितळेपर्यंत ते पांढरा धूर होऊन उडायलाच बघतं, जादा ऑक्सिजनमुळे रसावर ऑक्साइडची साय धरते आणि खालचं जस्त आतच राहतं. फ्लक्स, म्हणजे जोड साफ ठेवणारी पावडर, म्हणून टाकणखार घ्या, आणि शटर उघडं ठेवा, तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

गोंधळ झालाच तर ऑक्सिजन कमी करून परत पिसापर्यंत या आणि तिथून मोजा.

बंद करताना आधी डीए, मग ऑक्सिजन. मध्येच फट्ट आवाज होऊन ज्योत विझली तर बहुतेक नोझल जॉबला टेकलंय किंवा कचरा अडकलाय, पण टॉर्चच्या आतून शिट्टी यायला लागली तर ज्योत आत शिरलीये, तेव्हा ऑक्सिजन आधी बंद करा, लगेच डीए, आणि टॉर्च थंड होईपर्यंत हात लावू नका.