ग्रीक पुराणकथांवरची कादंबरी निवडताना

दुकानात अशा कादंबऱ्यांची मुखपृष्ठं सगळी सारखीच सोनेरी. म्हणून आधी एवढंच बघा: गोष्ट कोण सांगतंय? खरा फरक तिथेच पडतो.

ट्रॉयचंच युद्ध घ्या. मॅडलिन मिलरच्या 'द साँग ऑफ अकिलीज'मध्ये (2011) ते ग्रीक वीर अकिलीजचा जिवलग पॅट्रोक्लस सांगतो, त्यामुळे ती मुळात प्रेमकथा होते. पॅट बार्करच्या 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स'मध्ये (2018) बहुतेक कथा ब्रिसेइसच्या तोंडून येते. ही अकिलीजच्या वाट्याला लूट म्हणून आलेली बाई. छावणीतली घाण, जखमा, बायकांवरची जबरदस्ती, काहीच झाकलेलं नाही. हळव्या मनाने उचलू नये. सैनिक आजच्या इंग्रजीत शिव्या देतात, तेही काहींना खटकतं, मला चाललं.

जाड पुस्तकाचा धीर होत नसेल तर मार्गारेट अ‍ॅटवुडची 'द पेनेलोपियाड' (2005) घ्या. छोटी आहे, तिरकस आहे. पेनेलोपीचा नवरा, राजा ओडिसियस, युद्धावरून घरी परतल्यावर फासावर लटकवलेल्या बारा दासी मधूनमधून कवितेत बोलतात. पण 'ओडिसी' या त्याच्यावरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्याची गोष्ट ढोबळ तरी माहीत हवी, नाहीतर टोमणे डोक्यावरून जातील.

नावांच्या गर्दीत गोंधळ होत असेल तर शेवटची पानं चाळा. मिलरच्या पुस्तकांत पात्रांची यादी असते. तिची 'सर्सी' (2018) एकाच बाईच्या मागे चालते, नवख्याला तीच सोपी. आणि घेण्याआधी मोबाइलवर नमुना प्रकरण वाचाच. निवेदकाचा आवाज दहा पानांत कंटाळवाणा वाटला, तर पुढे तीनशे पानं तोच आहे.