रूट प्लॅनिंग फीचर बनवताय? मग या चुका टाळा

नकाशाच्या ॲपमध्ये रूट चुकीचा आला की टीममधला प्रत्येकजण आधी अल्गोरिदमवर संशय घेतो. मीपण घ्यायचो. पण सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता शोधणारा डायक्स्ट्राचा अल्गोरिदम १९५९ साली छापून आला, मुक्कामाच्या दिशेचा अंदाज धरून तोच शोध लवकर करणारा ए-स्टार १९६८ चा, त्यातले खड्डे लोकांनी केव्हाच बुजवलेत. घोळ असतो तो त्याच्या आधी आणि नंतर, म्हणजे आपण त्याला काय देतो आणि त्याचं उत्तर ड्रायव्हरपर्यंत कसं पोचवतो तिथे.

सगळ्यात फालतू पण सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे लॅटिट्यूड-लॉन्जिट्यूडची अदलाबदल. जिओजेसन या नकाशाच्या डेटा फॉरमॅटमध्ये लॉन्जिट्यूड आधी येतं, लीफलेट या नकाशा दाखवणाऱ्या लायब्ररीला लॅटिट्यूड आधी लागतं, आणि दोन्ही आकडे ९० च्या आत असले तर एरर वगैरे काही येत नाही, पिन गुपचूप भलत्याच देशात किंवा समुद्रात जाऊन बसते. याचाच भाऊ म्हणजे पॉलीलाइनचं एन्कोडिंग, म्हणजे रूटच्या रेघेचे पॉइंट छोट्या मजकुरात बसवणं. काही इंजिनं ५ दशांश स्थळांनी एन्कोड करतात, काही ६ नी, आणि डीकोड करताना गल्लत झाली की प्रत्येक आकडा दहापट किंवा एक दशांश. रेघ पृथ्वीबाहेर गेलेली दिसली तर राउटिंगच्या कोडला हातच लावू नका, आधी हे बघा.

मग येतं स्नॅपिंग, म्हणजे जीपीएसचा पॉइंट रस्त्यावर नेऊन चिकटवणं. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण ५ मीटर असते, उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि चूक कितीतरी वाढते. आणि आपण काय करतो, सगळ्यात जवळचा रस्ता उचलतो! फ्लायओव्हर आणि त्याखालचा सर्व्हिस रोड वरून बघितलं तर एकमेकांना चिकटलेलेच असतात की. जवळचे तीन-चार पर्याय ठेवा, आधीचे पॉइंट बघा, गाडीची दिशा बघा. फक्त गाडी उभी असताना दिशेवर विश्वास ठेवू नका, तेव्हा ती भोवऱ्यासारखी फिरत असते. डेस्टिनेशनचंही तेच. पिन असते इमारतीच्या मधोमध, जवळचा रस्ता असतो मागच्या कंपाउंडच्या पलीकडे, ॲप म्हणतं 'पोचलात', आणि माणूस भिंतीकडे बघत उभा. नकाशात गेट असेल तर रूट गेटपर्यंतच न्या.

वळणांचा मुद्दा लोक फार हलक्यात घेतात. ग्राफ बनवताना चौक म्हणजे नोड, रस्ता म्हणजे एज, इथपर्यंत ठीक. पण 'या रस्त्यावरून येऊन त्या रस्त्यावर वळायचं नाही' हे एकट्या नोडवर लिहिताच येत नाही कारण ते दोन रस्त्यांच्या जोडीबद्दल आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या डेटात हे निर्बंध वेगळे रिलेशन म्हणून येतात, इम्पोर्ट करताना ते सुटले तर रूट छान दिसतो पण चालवता येत नाही. आणि एक गंमत सांगतो, बंदी असलेलं वळण टाळायला माणूस पुढे जातो, ब्लॉकला फेरी मारतो आणि त्याच चौकात परत येतो. साधा डायक्स्ट्रा एका नोडला एकदाच फायनल करतो, त्यामुळे ही फेरी त्याला सापडतच नाही. एज-बेस्ड ग्राफ वापरा, म्हणजे चौकाऐवजी रस्त्यालाच नोड माना, मेमरी जास्त खातो, खाऊ दे.

ए-स्टार वापरून सर्च फास्ट केला आणि रूट विचित्र यायला लागले? मग ह्युरिस्टिक बघा, म्हणजे मुक्कामापर्यंत अजून किती लागेल याचा अंदाज. वेळ कमी करायची असेल तर सरळ रेषेतल्या अंतराला नेटवर्कमधल्या सगळ्यात जास्त स्पीडने भागायचं. सरासरी स्पीडने भागलं तर अंदाज खऱ्यापेक्षा मोठा होऊ शकतो आणि हायवेवरून जाणारा चांगला रूट हातचा निसटतो. तपासायला सोपं आहे, हजारभर रँडम जोड्या घ्या, डायक्स्ट्रा आणि ए-स्टार दोन्ही चालवा, रूटची एकूण वेळ जुळत नसेल तर चोर सापडला.

आता माझं आवडतं दुखणं, रीरूटिंग, म्हणजे गाडी रूट सोडून गेली की नवीन रूट काढणं. आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये एक पॉइंट जरी रूटपासून लांब पडला की लगेच नवीन रूट मागवायचो. मी स्वतः टेस्टला बाहेर पडलो, सिग्नलला गाडी उभी, फोनवरचा बाण हळूच बाजूच्या रस्त्यावर सरकला, 'नवीन मार्ग शोधत आहे', पुन्हा परत आला, 'नवीन मार्ग शोधत आहे', हिरवा दिवा लागेपर्यंत ॲपमधल्या बाईंनी पाच वेळा तेच ऐकवलं. सलग तीन-चार पॉइंट बाहेर पडले तरच रीरूट करा, आणि फोन स्वतःची जी ॲक्युरसी सांगतो ती हिशोबात धरा. दुसरं म्हणजे ६० च्या स्पीडला गाडी २ सेकंदात ३३ मीटर पुढे गेलेली असते, तेव्हा नवीन रूट जिथून मागितला तिथून नाही तर थोडं पुढून सुरू करायचा, नाहीतर पहिलीच सूचना मागे पडलेल्या वळणाची. तिसरं, स्क्रीनवर काढायला रेघ सिम्प्लिफाय केलेली असते, ती तुलनेला वापरू नका, घाटातल्या वळणावर ड्रायव्हर बरोबर असतो आणि ॲप म्हणतं तू चुकलास.

जास्त स्टॉप असतील तर सगळे क्रम तपासत बसू नका, १० स्टॉपचेच ३६,२८,८०० क्रम होतात, टू-ऑप्टसारखी, म्हणजे क्रमातला एकेक तुकडा उलटा करून रूट छोटा होतो का बघणारी, पद्धत बऱ्याचदा पुरते. आणि पोचायची वेळ काढताना प्रत्येक रस्त्याचं ट्रॅफिक आपण तिथे पोचू त्या वेळचं धरायचं, निघतानाचं नाही.

युजरची परवानगी घेऊन कच्चे जीपीएस पॉइंट वेळेसकट सेव्ह करा, सोबत त्या दिवशीची नकाशाची आवृत्तीसुद्धा. तक्रार आली की तोच प्रवास टेबलावर पुन्हा चालवून बघता येतो, आणि आधी स्नॅप, मग वळणाचे निर्बंध, मग रीरूटची लॉग या क्रमाने गेलात की अल्गोरिदम उघडायची वेळ सहसा येत नाही.