मीठ की साखर: आयनिक आणि सहसंयुज बंध घरी कसे ओळखावेत

दोन अणूंनी इलेक्ट्रॉन दिला-घेतला तर आयनिक बंध, दोघांनी मिळून वापरला तर सहसंयुज. शाळेत घोकलेली ही व्याख्या परीक्षेपुरती ठीक आहे. पण एखादी पांढरी पूड समोर ठेवून ‘यात कोणता बंध?’ असं विचारलं, की पंचाईत होते. अशा वेळी पुढच्या क्रमाने जावं.

१. आधी रासायनिक सूत्र बघा. धातू आणि अधातू एकत्र आले असतील तर बहुधा आयनिक, सगळेच अधातू असतील तर बहुधा सहसंयुज. मिठात सोडियम आणि क्लोरीन; साखरेत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. ‘बहुधा’ म्हटलं, कारण नवसागरात (अमोनियम क्लोराइडमध्ये) एकही धातू नसून तो आयनिक आहे आणि ॲल्युमिनियम क्लोराइडमध्ये धातू असूनही बंध बराचसा सहसंयुज.

शंका आली तर विद्युतऋणतेचा, म्हणजे अणू बंधातले इलेक्ट्रॉन किती जोरात स्वतःकडे ओढतो याचा, तक्ता काढा. ही मोजपट्टी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये मांडली. सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक २.२३. साधारण १.७ च्या वर फरक गेला की आयनिक धरतात. ॲल्युमिनियम-क्लोरीनचा फरक १.५५ आहे, म्हणजे कुंपणावरच.

२. तापवून बघा. जुन्या चमच्यात साखर घेऊन गॅसवर धरा; १८६ अंशांच्या आसपास ती वितळते, लगेच तांबूस होते. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, तेव्हा चमच्यात ते ढिम्म राहतं. मिठागरांत पिकतं तसलं खडेमीठ मात्र तापवू नका. खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो तडतडत उडतो, थेट डोळ्याकडे.

३. वीज जाते का ते तपासा. खरी मजा इथे आहे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, थोडी वायर आणि दोन्ही टोकं तासलेल्या दोन शिसपेन्सिली घ्या. ठाणे स्टेशन किंवा वाशीच्या बाजारात हे सगळं मिळतं. बॅटरी, रेझिस्टर, एलईडी एका ओळीत जोडा आणि मोकळी दोन टोकं पेन्सिलींच्या शिशांना गुंडाळा. घरातल्या प्लगला यातलं काहीही लावायचं नाही.

पाणी इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्डच हवं. नवी मुंबईच्या नळाला येणाऱ्या मोरबे धरणाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतातच, त्यामुळे काही न घालताही एलईडी मिणमिणू शकतो.

पेन्सिली पाण्यात बुडवा: अंधार. साखर घाला, ढवळा: तरीही अंधार, कारण साखरेचे रेणू अख्खेच्या अख्खे विरघळतात. आता दुसऱ्या पेल्यात डिस्टिल्ड पाणी घेऊन चिमूटभर मीठ टाका. एलईडी लागतो, आणि ऋण टोकाच्या पेन्सिलीवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. मिठातले सोडियम आणि क्लोराइड आयन (विद्युतभार असलेले कण) पाण्यात सुटे होऊन विजेची ने-आण करतात. कोरड्या मिठात पेन्सिली खुपसल्या तर मात्र काहीच होत नाही. तिथे आयन आहेत, पण जागेवर जखडलेले. फार वेळ चालू ठेवू नका, दुसऱ्या टोकाला क्लोरीन सुटतो. खिडकी उघडी असू द्या.

४. फसवणारे पदार्थ ओळखा. व्हिनेगरमध्येही एलईडी मंद लागतो. ॲसेटिक आम्ल सहसंयुजच, पण पाण्यात गेल्यावर त्याचे थोडे रेणू फुटून आयन होतात. वाळू उलटी फसवते. ती सहसंयुज, तरी १७०० अंशांपर्यंत दाद देत नाही, कारण तिच्यात सुटे रेणू नसून बंधांचं सलग जाळं असतं. म्हणून एकाच चाचणीवर निकाल देऊ नका. मला विचाराल तर तिसऱ्या पायरीला सर्वांत जास्त वजन द्या.

खायचा सोडा शेवटी तपासा, कारण त्यात दोन्ही बंध आहेत. सोडियम आणि बायकार्बोनेट यांच्यात आयनिक; बायकार्बोनेटच्या आत हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन यांच्यात सहसंयुज. पाण्यात एलईडी लागतो तो पहिला बंध सुटल्यामुळे. दुसरा जवळपास जसाच्या तसा राहतो.